शरीफविरुद्ध कारो-कान

शुक्रवार, २ सप्टेंबर २०१६
अल अमेरात, मस्कत

शरीफने आज बुद्धिबळाच्या डावात सलग तिसऱ्या शुक्रवारी वजिरावजिरी केली, वजिराला वजीर देऊन टाकला. अकरा वर्षांत ह्या माणसाने आपणहून वजीर कधी सोडला नव्हता. काहीतरी शिजतंय. काय ते कळेपर्यंत नोंद ठेवायची असं ठरवलं आहे. कंपनीने दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती, ती कामाला आली.

रिपोर्टच्या सुरुवातीला कोण, कुठे, काय हे लिहायची सवय आहे, म्हणून लिहितो. मी दयानंद शिवगण, वेल्डिंग इन्स्पेक्टर. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट शोधायची, हा माझा धंदा. शरीफ मुकादम रत्नागिरीकडचा, माझ्या गावापासून खाडी ओलांडली की त्याचं गाव. हमरियात एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, टेलरिंग दुकानात तो कटिंग मास्तर आहे. बावीस वर्षं दिशदाशा, म्हणजे ओमानी पुरुषांचे पायघोळ झगे, कापतोय. दर शुक्रवारी दुपारी नमाज आटोपला की तो आमच्याकडे येतो, माझ्या बायकोच्या, आकांक्षाच्या हातचं जेवतो आणि आम्ही बुद्धिबळाचा एक डाव खेळतो. एकच. पाहुण्याला पांढरे मोहरे, हा माझा नियम. त्यामुळे अकरा वर्षं मी काळ्यांनी खेळतोय.

त्याचं मला वाईट वाटत नाही. काळ्यांनी खेळण्यात एक सुख असतं, आपल्याला सुरुवात करावी लागत नाही. शरीफ राजापुढचं प्यादं दोन घरं टाकतो. मी सी-सातवरचं प्यादं एकच घर सरकवतो. बघणाऱ्याला वाटतं, घाबरला. मग मी वजिरापुढचं प्यादं टाकतो, त्याला मागून आधार असतोच. ह्याला कारो-कान म्हणतात. समोरच्याला धावून येऊ द्यायचं आणि त्याला धाप लागेपर्यंत दार लावून बसायचं. शरीफ तर धावून यायला टपलेलाच असायचा. प्यादी, घोडे, सगळी वरात घेऊन माझ्या दारात. मी चहा पीत बसायचो. तिसाव्या चालीपर्यंत त्याची वरात विस्कटलेली असायची.

आता तो धावून येतच नाही. तिसऱ्याच चालीला मधली प्यादी कापतो, मग घोड्याला घोडा, उंटाला उंट, शेवटी वजीर. पटावर चार हाडकं उरतात आणि डाव बरोबरीत. आज विचारलं, "काय रे, आजारी आहेस का?" तर हसून म्हणाला, "वय झालं, दया. गर्दी नको वाटते आता."

नोव्हेंबरात इथल्या मराठी मंडळाची बुद्धिबळ स्पर्धा आहे. गेल्या वर्षी मी दुसरा आलो. माझ्याकडे बचाव एकच आहे आणि तो शरीफइतका कुणालाच ठाऊक नाही.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

आज टॅक्सीने आला. गाडी विकली म्हणे. का, तर "डोंगरातल्या रस्त्याचा कंटाळा येतो." बावीस वर्षं नाही आला कंटाळा तो!

नवीन खोड: खेळायच्या आधी मोहऱ्यांना हात लावतो. बोटाने घोड्याचं नाक, उंटाचं टोक चाचपतो, मग दुसरंच काहीतरी उचलतो. मी म्हटलं, "हात लावला की खेळायचं, नियम आहे." तो ओशाळला. म्हणाला, "तू आपली चाल तोंडाने बोलून दाखव ना. स्पर्धेत बोलतात तसं."

स्पर्धेत कुणी बोलत नाही, उलट लिहितात. हे त्यालाही माहीत असणार. मग माझी चाल माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं कारण काय? बोलली की पाठ होते, हे कारण. घरी जाऊन उतरवून घेत असणार. तरी मी बोललो. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं!

बुधवार, १४ सप्टेंबर

आज मात्र रंगेहाथ पकडलं.

ईदची सुट्टी होती म्हणून आकांक्षाने केलेल्या करंज्या घेऊन हमरियात गेलो. दुकानाच्या गल्लीत शरीफ समोरून येत होता. मी हात वर केला. तो माझ्यापासून दोन हातांवरून गेला. बघितलं, म्हणजे तोंड माझ्याकडे होतं, आणि तसाच पुढे. ओळख नाही, पाळख नाही. मी रस्त्यात करंज्यांचा डबा धरून उभा.

मागोमाग गेलो. हो, गेलो. कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात आत सागर पालेकर बसला होता. हा सागर एका शिपिंग कंपनीत आहे आणि गेल्या वर्षी मंडळाच्या स्पर्धेत पहिला आलेला तोच. त्याच्या पुढ्यात पट मांडलेला. शरीफ त्याच्यासमोर बसला, पण खुर्ची फिरवून, भिंतीकडे तोंड करून. मी किंवा कुणी ओळखीचा दारातून डोकावला तर चेहरा दिसू नये म्हणून. सागर काहीतरी सांगत होता आणि हा भिंतीकडे बघत माना डोलवत होता.

करंज्या परत आणल्या. आकांक्षाने विचारलं तर सांगितलं, भेटला नाही. ते काही खोटं नव्हतं.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

गेल्या शुक्रवारी आला नाही, "दुकानात काम निघालं." आज आला. ईदला मी दिसलो होतो का, असं सरळ विचारणार होतो. मग म्हटलं नको. आपण दार लावून बसायचं. बोलू दे त्यालाच.

बोलला नाही. उलट आता माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. मी बोलत असलो की तो माझ्या कानाच्या बाजूला, खिडकीकडे कुठेतरी बघतो. पटाकडेही तसाच तिरका बघतो. वेल्डर खराब जॉइंट पेंटखाली लपवून आणतात ना, तेही असेच बघतात. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी ही नजर शेकडो वेळा पाहिली आहे.

दुसरी गोष्ट लिहायची लाज वाटते, पण नोंद म्हणजे नोंद. जेवणाआधी मी हात धुवायला गेलो तेव्हा आकांक्षा आणि तो स्वयंपाकघराच्या दारात हळू आवाजात बोलत होते. मी आलो तसे गप्प झाले. ताट वाढल्यावर ती त्याला म्हणाली, "शरीफभाई, पाणी डाव्या हाताला आहे. मासा बिनकाट्याचा करून ठेवलाय." माझं लग्न होऊन तेवीस वर्षं झाली. माझ्या माशाचा काटा कुणी काढला नाही.

तो गेल्यावर विचारलं, "काय बोलत होतात?"

"काही नाही. मेहनाजचं."

मेहनाज त्याची मुलगी, मुंबईत फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. तिचं बोलायला आवाज कशाला खाली आणावा लागतो?

"तुमच्या मनात काय आहे ते त्यालाच विचारा ना सरळ," ती म्हणाली. "एवढे जवळचे मित्र आहात."

म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी आहे.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

आजचा डाव मी मन लावून खेळलो. उंट वेळेवर बाहेर काढला, मग राजाचं प्यादं टाकून दार लावलं. शरीफ सुरुवातीच्या चाली फटाफट खेळला. पटाकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून, पढवलेल्या पोपटासारखा. चौदाव्या चालीला मी नेहमीचा हत्ती न हलवता कडेचं प्यादं हलवलं, आणि चाल बोलून दाखवायला मुद्दाम जरा उशीर केला. तो थांबला. कपाळावर घाम. एसी चालू होता. "काय खेळलास? बोल ना," म्हणाला. बोलल्यावर पुन्हा गाडी रुळावर.

म्हणजे पाठांतर आहे. सागरने घोटून घेतलंय. पाठ नसलेलं आलं की संपला.

जाताना दारात बूट चाचपत म्हणाला, "एप्रिलपर्यंत टिकलं म्हणजे मिळवली, दया. मेहनाजची परीक्षा होऊ दे. मग काय होईल ते होईल."

काय टिकायचं आहे? मी विचारलं नाही. आमच्या कामात भेग शोधायची एक रीत आहे. लोखंडाला लाल रंग लावायचा, तो मुरू द्यायचा, मग पुसून वर पांढरी पूड मारायची. घाई करायची नाही. भेग असली तर लाल रेघ आपोआप वर येते. मी तीच वाट बघतोय. स्वतः होऊन विचारलं की माणूस सावध होतो.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

दसरा. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी पँटचं काळं कापड घेऊन दुकानात गेलो. शरीफ फक्त कापतो, शिवतात दुसरे, पण माझी पँट अकरा वर्षं तो स्वतः शिवतो. आज माप घेतलं तेव्हा टेपकडे बघितलंसुद्धा नाही, वीत टाकून मोकळा. "तुझी कंबर मला पाठ हाय," म्हणाला.

त्याला माझं सगळंच पाठ करायचं दिसतंय.

शनिवार, १५ ऑक्टोबर

स्पर्धेच्या आधी शरीफला घरच्या पटावरच उघडा पाडायचं ठरवलं आहे. मोबाईलवर सिसिलियन बचाव शिकतोय. त्यात काळा पहिल्याच चालीला तेच सी-सातवरचं प्यादं एक नव्हे, दोन घरं टाकतो. लगेच मारामारी. मला झेपत नाही. दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखं वाटतं, हात कुठे घालायचा कळत नाही. पण मला जिंकायचं नाहीये. शरीफचं तोंड बघायचंय.

रविवार, २३ ऑक्टोबर

पँट आली. काळ्या कापडाला चॉकलेटी दोरा! डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर लांब. हूक एवढा सरकलेला की लावला तर चेन वाकडी होते.

बावीस वर्षांचा मास्तर आहे हा. अर्बाबच्या घरातले सगळे पुरुष ह्यानेच कापलेले कपडे घालतात. दिशदाशाच्या गळ्याचा गोंडा तो कसा बसवतो, हे बघायला दुसऱ्या दुकानांतले कारागीर येतात. त्याच्या हातून हे चुकून होणं शक्य नाही. मग हे काय आहे? चिडवणं आहे. स्पर्धेच्या आधी माझं डोकं फिरवायचं, म्हणजे मी पटावर चुका करेन.

आकांक्षाने पँट हातात घेतली, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी उसवून नीट करून देते. तुम्ही कुणाला काही बोलू नका."

"का बोलू नको?"

"अहो, नका बोलू. माझ्यासाठी."

आता माझ्या घरातही तो पोचला आहे.

बुधवार, २६ ऑक्टोबर

बोललो.

कामावरून सुटलो तो थेट हमरियात. शरीफ आत नमाजाला गेला होता, हे बघूनच दुकानात शिरलो. म्हातारा अर्बाब गल्ल्यामागे बसला होता. पँट त्याच्यासमोर टाकली आणि म्हटलं, "अर्बाब, ये देखो. आपका मास्टर जानबूझकर काम खराब करता है."

त्याने पँट उलटी करून पाहिली. शिवणीवरून अंगठा फिरवला. "ये शरीफ का काम?"

"खुद का."

"जानबूझकर नहीं करेगा, सदीक. शरीफ नहीं करेगा." इथे कुणालाही सदीक म्हणतात, दोस्त.

"तो फिर बिठाके देखो. सामने बिठाके काम कराओ."

त्याने पँट ठेवून घेतली. नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाहेर पडल्यावर बरं वाटलं, इतकं की डोंगरातल्या रस्त्याने घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. राष्ट्रीय दिनासाठी आतापासूनच खांबांवर दिव्यांच्या माळा लावायला घेतल्यात. छान दिसतात.

घरी आकांक्षाने विचारलं, पँट कुठे आहे. म्हटलं, दुरुस्तीला दिली.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

शरीफ येणार नाही असं मला वाटलं होतं. आला. वेळेवर, हातात मस्कती हलव्याचा डबा. जेवला, आकांक्षाला म्हणाला, "वहिनी, मासा मस्त." मला काहीच बोलला नाही. अर्बाबने काही विचारलं की नाही, हे चेहऱ्यावरून कळेना. मी मनात म्हटलं, पक्का आहे.

पट मांडला. त्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मी सी-सातवरचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. बोललो काहीच नाही.

तो जरा थांबला. मला वाटलं, आता चमकेल, म्हणेल हे काय नवीन. पण त्याने नेहमीसारखं, जणू मी कारो-कानच खेळलो असं, वजिरापुढचं प्यादं टाकलं. मी ते मारलं. त्याचं प्यादं उचलून बाजूला ठेवलं. बोललो नाही.

मग त्याने आपलं राजाचं प्यादं उचललं आणि दुसरा हात माझ्या डी-पाच घरावर आणला, तिथलं माझं प्यादं उचलायला. तिथे प्यादं नव्हतं. त्याची बोटं रिकाम्या घरावर मिटली. पुन्हा उघडली. शेजारच्या घरात गेली, मग पलीकडच्या, मग परत. एक उंट पडला. बोटं पडलेल्या उंटाला शोधायला लागली. तो खाली बघत होता, पण पटाकडे नाही, कडेला, टेबलाच्या पायाकडे कुठेतरी.

"दया," तो म्हणाला, "काय खेळलास? बोलला नाहीस."

मला ह्याचंच तोंड बघायचं होतं ना. बघत होतो.

"दया, बोल ना. मला नाय दिसत."

आकांक्षा स्वयंपाकघरातून धावत आली. तिने उंट उचलून त्याच्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की तेवीस वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. शरीफ उठला. "राहू दे वहिनी. आज मी दमलोय." टॅक्सीपर्यंत तीच त्याला हाताला धरून घेऊन गेली. मी पटासमोर बसून राहिलो. सिसिलियनच्या दोनच चाली झाल्या होत्या.

शनिवार, २९ ऑक्टोबर

आकांक्षाला जूनपासून माहीत होतं. एकदा तिने भाजीत मीठ टाकायला सांगितलं आणि त्याने साखर टाकली, तेव्हा तिने सरळ विचारलं आणि त्याने सरळ सांगितलं. साखरेचा आजार जुना. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलंय. समोरचं मधलं सगळं धूसर, कडेचं तेवढं थोडं दिसतं. म्हणून तो तिरका बघतो. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि मला वाटलं, तुम्हाला कळेल. दर शुक्रवारी समोर बसता." मग म्हणाली, "तुम्ही त्यांच्याकडे बघतच नव्हतात. तुम्ही फक्त ते काय लपवतात ते बघत होतात."

सागरला फोन केला. खरं म्हणजे अजूनही मनात एक किडा होता की बघू तो काय सांगतो. तो म्हणाला, "दयाकाका, मी त्यांना डोळे मिटून खेळायला शिकवत होतो. पट डोक्यात धरायचा. भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मी चाली वाचायचो. फक्त तुमचा कारो-कान. दुसरं काही शिकायचंच नाही म्हणाले. मोहरे जितके कमी तितकं लक्षात राहतं, म्हणून मीच सांगितलं होतं, मोहऱ्याला मोहरा देऊन टाका."

"आणि स्पर्धा?"

"स्पर्धेत त्यांनी नावच दिलेलं नाही. त्यांना फक्त शुक्रवारचा तुमचा डाव टिकवायचा होता."

सोमवार, ३१ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन झालं. जुनीच पँट घातली. आज रजा टाकून अर्बाबकडे गेलो. म्हणणार होतो, तक्रार मागे घेतो, माझी चूक झाली, त्याला एप्रिलपर्यंत राहू द्या.

शरीफ दुकानात नव्हता. कापायच्या टेबलावर कापडाचा तागा तसाच पडला होता.

अर्बाबने मला खुर्ची दिली, कहवा दिला. म्हणाला, गुरुवारी त्याने शरीफला काळं कापड आणि खडू दिला. शरीफने कापडावर खडू ठेवला आणि रेघ न ओढताच परत दिला. "बोला, अर्बाब, खलास. छह महीने से हाथ से देखता हूँ, आँख से नहीं." व्हिसा कटिंग मास्तरचा, आणि दुकानाला एकच. नवीन माणूस आणायचा तर ह्याला जावं लागणार. तेरा नोव्हेंबरचं विमान.

"मेरी गलती है," मी म्हटलं. "वो पँट..."

"मालूम," अर्बाब म्हणाला. "मैं ने नाम नहीं बोला, मेरे को मालूम ही नहीं था. मैं ने पँट उसके हाथ में दिया. उसने कमर को हाथ लगाया, ऐसे. बोला, ये मेरे दोस्त दयानंद का है."

मी कहवा खाली ठेवला.

"मैं गुस्सा हुआ. बोला, कैसा दोस्त है तेरा? तो बोला, अर्बाब, वो इन्स्पेक्टर है. खराब काम पास नहीं करता. काम खराब था."

हे गुरुवारचं. म्हणजे शुक्रवारी तो हलव्याचा डबा घेऊन माझ्या दारात आला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. माहीत असून त्याने बेल वाजवली, जेवला, आणि माझ्यासमोर बसून राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मी त्याला पक्का म्हणालो होतो, इथेच, ह्याच वहीत, मागच्या पानावर.

कहवा संपला नाही. उठून आलो.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

तो आला नाही. बोलवायला फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. स्पर्धेतून माझं नाव काढून घेतलं.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

आज मीच गेलो. दुकानाच्या वरची त्याची खोली, अकरा वर्षांत मी दोनदाच चढलो असेन. बॅग भरून दोरीने बांधलेली. तो खाटेवर बसून दिशदाशांच्या घड्या घालत होता. हातांना दाखवावं लागत नव्हतं.

"कोण?"

"मी."

"बस. चहा नाय, स्टोव्ह दिला कुणालातरी."

मी बसलो. खाली गल्लीत टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"शरीफ, अर्बाबकडे तक्रार मी केली होती."

"माहीत हाय."

"तुला माहीत आहे, हेही मला माहीत आहे. अर्बाबने सांगितलं."

"मग आता परत कशाला सांगतोस?"

"मी तुला सांगितलं नव्हतं अजून."

त्याने घडी अर्धी ठेवली. मी म्हटलं, तुझी शेवटची परीक्षा मीच बुडवली, म्हणजे मेहनाजची. म्हणजे मला नीट बोलताही येईना. रडू येत होतं आणि ते त्याला दिसत नाही म्हणून मी पुसलंही नाही. त्याला आवाजावरून कळलं.

"होईल मेहनाजचं. ती माझ्यापेक्षा कडक हाय. तिला सांगितलं डोळ्यांचं. खूप ओरडली मला, आधी का नाय सांगितलंस म्हणून."

"मलाही नाही सांगितलंस."

"तुला कसं सांगू? तुला सांगितलं असतं तर तू मला हरवायचं सोडलं असतंस. मग दर शुक्रवारी मी जिंकणार, आणि वहिनी टाळ्या वाजवणार. मला तसला खेळ नको होता."

"राग आला होता?"

"आला ना. गुरुवारी भरपूर आला. शुक्रवारी नमाजला बसलो तेव्हा पण होता. मग मनात आलं, किती शुक्रवार राहिले? दोन? तीन? ते पण रागात घालवू का? म्हणून हलवा घेतला आणि आलो."

त्या दोन-तीनांतला एक मी कसा घालवला, ते वर लिहिलेलंच आहे. आणखी काय लिहू?

मग त्याने खाटेखालून पट काढला. सागरने दिलेला, घरांना खाचा असलेला, मोहरे खाचेत बसतात असा. त्याची खोली, मी पाहुणा, पण पांढरे त्यानेच ओढून घेतले. "मला तुझा कारो-कानच येतो," म्हणाला. मी प्रत्येक चाल मोठ्याने बोललो. तो भिंतीकडे बघत खेळला. ह्या वेळी त्याने वजीर मारला नाही, मोहरे मारले नाहीत, पहिल्यासारखी सगळी वरात घेऊन आला. मी दार लावून बसलो. एकविसाव्या चालीला मला वाटलं, आता धाप लागेल. नाही लागली. अठ्ठाविसाव्याला त्याचा घोडा अशा घरात आला की मी पंधरा मिनिटं बघत राहिलो. वाट नव्हती.

"सोडतो," मी म्हटलं.

त्याने मान वळवली. "दया, खरं सांग. मुद्दाम हरलास का?"

"नाही."

"बरं," शरीफ म्हणाला, आणि मोहरे गोळा करायला लागला.

मी खरंच मुद्दाम हरलो नव्हतो. पण त्याच्या जागी मी असतो, तर मानलं नसतं.